घरगुती स्पंदित विद्युतचुंबकीय क्षेत्र उपचारातील वारंवारतेची निवड

स्पंदित विद्युतचुंबकीय क्षेत्र उपचार ही भौतिकोपचाराची एक पद्धत आहे. तारेच्या वेटोळ्यातून थांबून थांबून विद्युतधारा सोडली जाते आणि शरीराच्या ठरावीक भागात सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र निर्माण केले जाते. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ही पद्धत पीईएमएफ या नावाने ओळखली जाते. न जुळणारे हाड जुळावे यासाठी तिचा वैद्यकीय वापर १९७०च्या दशकात सुरू झाला. पुढे गुडघेदुखी, पाठदुखी, निद्रानाश अशा तक्रारींसाठी घरी वापरायच्या गाद्या, पट्टे व कडी बाजारात आली. या उपकरणांवर वारंवारता बदलण्याची सोय असते. कोणत्या आजाराला किती हर्ट्झ, असे तक्तेही त्यांच्यासोबत दिले जातात. प्रत्यक्षात वारंवारता हा उपचाराच्या मात्रेचा केवळ एक घटक आहे. इतर घटक माहीत नसतील, तर त्या आकड्यावरून उपचाराविषयी फारसे काही ठरवता येत नाही.

कार्यतत्त्व

या उपचाराचा पाया मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली शोधलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन हा आहे. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या वाहकात विद्युतधारा निर्माण होते, हा नियम महाराष्ट्रात शालेय विज्ञानात शिकवला जातो. मानवी शरीरातील रक्त, स्नायू व पेशीबाहेरील द्रव हे विजेचे वाहक असल्यामुळे वेटोळ्यातील क्षेत्र बदलताच त्यांच्यातही अतिशय क्षीण विद्युतक्षेत्र निर्माण होते. कापड, प्लॅस्टर व त्वचा यांचा या कमी वारंवारतेच्या क्षेत्राला अडथळा होत नाही, म्हणून प्लॅस्टर न काढता उपचार करता येतो.

प्रवर्तित विद्युतक्षेत्र हे चुंबकीय क्षेत्र किती प्रबळ आहे यापेक्षा ते किती वेगाने बदलते यावर अवलंबून असते. स्थिर चुंबकाचे क्षेत्र बदलत नसल्यामुळे शरीराच्या स्थिर भागात ते विद्युतधारा निर्माण करत नाही. त्यामुळे चुंबकीय पट्टा, चुंबकीय बांगडी आणि स्पंदित क्षेत्राचे उपकरण यांची नावे सारखी वाटली, तरी त्यांचे कार्यतत्त्व वेगळे आहे.

वारंवारतेचा अर्थ

एका सेकंदात किती स्पंद येतात ते वारंवारता सांगते व ती हर्ट्झ या एककात मोजतात. १५ हर्ट्झ म्हणजे सेकंदाला १५ स्पंद. प्रत्येक स्पंद किती प्रबळ होता, किती काळ टिकला, किती वेगाने चढला व उतरला, याची माहिती या आकड्यात नसते. ठिबक सिंचनाच्या नळीतून मिनिटाला किती थेंब पडले एवढेच सांगितले, तर झाडाला किती पाणी मिळाले ते कळत नाही. त्यासाठी थेंबाचा आकार, नळी किती वेळ सुरू होती आणि तिचे तोंड मुळाजवळ होते की दूर, हेही ठाऊक असावे लागते. वारंवारतेचेही तसेच आहे. या उपचाराची मात्रा पुढील पाच घटकांनी मिळून ठरते.

वारंवारता: सेकंदाला येणाऱ्या स्पंदांची किंवा स्पंदसमूहांची संख्या.
तीव्रता: क्षेत्राचे कमाल मूल्य. ते टेस्ला या एककाच्या हजाराव्या भागात म्हणजे मिलिटेस्लात, किंवा दशलक्षाव्या भागात म्हणजे मायक्रोटेस्लात देतात.
तरंगाकार: स्पंद चौकोनी, करवतीसारखा की लाटेसारखा आहे, आणि तो किती वेगाने चढतो व उतरतो.
कालावधी: रोज किती वेळ व किती आठवडे.
अंतर: वेटोळ्यापासून दुखरा भाग किती दूर आहे.

हाड जोडण्याच्या उपकरणांचा सुप्रसिद्ध संकेत या दृष्टीने बोधप्रद आहे. त्याला १५ हर्ट्झचा संकेत म्हणतात, परंतु सेकंदाला १५ वेळा येतो तो एकेक स्पंद नसून सुमारे २० स्पंदांचा समूह असतो. समूहातील प्रत्येक स्पंदात क्षेत्र सुमारे २०० मायक्रोसेकंदांत जवळजवळ २ मिलिटेस्लापर्यंत चढते आणि त्याहून कितीतरी कमी वेळात खाली येते. म्हणजे ते सेकंदाला सुमारे १० टेस्ला या वेगाने वाढते. आता एखाद्या गादीतून १५ हर्ट्झचाच, पण साध्या लाटेच्या आकाराचा व ०.१ मिलिटेस्ला तीव्रतेचा संकेत येतो असे मानले, तर त्याच्या बदलाचा कमाल वेग सेकंदाला ०.०१ टेस्लाहून थोडा कमी भरतो. दोन्ही यंत्रांवर १५ हाच आकडा दिसतो, तरी वाढत्या क्षेत्रामुळे ऊतींत निर्माण होणाऱ्या विद्युतक्षेत्रात सुमारे हजारपट फरक पडतो. एका यंत्रावर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष केवळ वारंवारता जुळते म्हणून दुसऱ्या यंत्राला लावता येत नाही, तो याच कारणाने.

अंतराचा परिणामही मोठा आहे. गोल वेटोळ्याच्या अक्षावर, केंद्रापासून त्रिज्येइतक्या अंतरावर क्षेत्र केंद्रातील मूल्याच्या सुमारे ३५ टक्के राहते आणि व्यासाइतक्या अंतरावर ते सुमारे ९ टक्क्यांवर येते. ५ सेंटिमीटर त्रिज्येचे वेटोळे १० सेंटिमीटर जाडीच्या गादीखाली ठेवल्यास वर झोपलेल्या व्यक्तीच्या त्वचेपर्यंतच दहावा भागही पोहोचत नाही. माहितीपत्रकात दिलेली तीव्रता बहुधा वेटोळ्याच्या पृष्ठभागाजवळची असते.

इतिहास

१९५७ साली जपानमधील एइइची फुकादा व इवाओ यासुदा यांनी हाडावर दाब दिला असता त्यात विद्युतविभव निर्माण होतो, असे दाखवले. बाहेरून विद्युतक्षेत्र दिल्यास हाडाच्या वाढीला चालना मिळेल का, हा प्रश्न त्यातून पुढे आला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील अस्थिशल्यचिकित्सक अँड्र्यू बॅसेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली सायन्स या नियतकालिकात, शस्त्रक्रिया न करता वेटोळ्यांच्या साहाय्याने हाड जुळण्यास मदत करण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. १९७९ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने न जुळणाऱ्या अस्थिभंगासाठी अशा उपकरणाला मान्यता दिली.

उच्च वारंवारतेची एक स्वतंत्र शाखाही आहे. स्पंदित शॉर्टवेव्ह या प्रकारात २७.१२ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला २ कोटी ७१ लाखांहून अधिक कंपनांच्या लहरी तुकड्या-तुकड्यांनी सोडल्या जातात. या यंत्रावर दिसणारा काही शे हर्ट्झचा आकडा तुकड्यांची संख्या सांगतो, मूळ लहरीची वारंवारता नव्हे. भौतिकोपचार केंद्रातील असे यंत्र आणि घरगुती कमी वारंवारतेची गादी ही एकाच उपचाराची लहानमोठी रूपे नाहीत.

पुराव्यांची स्थिती

अस्थिभंग

शेफील्ड येथील अँथनी बार्कर, डब्ल्यू. जे. डब्ल्यू. शॅरर्ड व सहकाऱ्यांनी १९८४ साली द लॅन्सेट या नियतकालिकात नडगीच्या न जुळलेल्या हाडांवरील चाचणीचे अंतरिम निष्कर्ष प्रसिद्ध केले. १६ रुग्णांपैकी काहींना चालू यंत्र व काहींना हुबेहूब दिसणारे बंद यंत्र दिले होते. कोणाकडे कोणते यंत्र आहे हे रुग्णांना वा तपासणाऱ्यांना ठाऊक नव्हते. दोन्ही गटांत हाडे जुळली आणि यंत्राचा वेगळा लाभ दिसला नाही. दीर्घकाळ प्लॅस्टर व पायावर भार न देणे यांचाच तो परिणाम असावा, अशी शंका त्यामुळे निर्माण झाली. १९९० साली शॅरर्ड यांनी उशिरा जुळणाऱ्या नडगीच्या ४५ अस्थिभंगांवर १२ आठवड्यांची चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात मात्र चालू यंत्राच्या गटात प्रगती स्पष्टपणे अधिक दिसली. २०११ सालच्या कॉक्रेन समीक्षेत ४ चाचण्या व १२५ रुग्णांची माहिती एकत्र तपासण्यात आली. लाभाची शक्यता नाकारता येत नाही, पण सर्रास शिफारस करण्याइतका पुरावा नाही, असा तिचा आशय आहे.

गुडघेदुखी

सांध्यांच्या झिजेवरील २०१३ सालच्या कॉक्रेन समीक्षेत ९ चाचण्या व ६३६ रुग्ण होते. वेदनेच्या १०० गुणांच्या मापनपट्टीवर बंद यंत्राच्या तुलनेत सरासरी सुमारे १५ गुणांचा अधिक उतार दिसला. हालचालीची क्षमता व जीवनमान यांत मात्र स्पष्ट सुधारणा आढळली नाही. गुडघ्यावरील निरनिराळ्या चाचण्यांत ३० हर्ट्झहून कमी, ५० हर्ट्झ व ७५ हर्ट्झ असे वेगवेगळे संकेत वापरले गेले आहेत. त्यांची तीव्रता, तरंगाकार व रोजचा वेळही भिन्न होता. त्यामुळे गुडघ्यासाठी अमुकच वारंवारता योग्य, असे म्हणण्यास या चाचण्यांत आधार मिळत नाही.

मेंदू

वारंवारतेला खरोखर निर्णायक महत्त्व असलेले क्षेत्र म्हणजे कवटीवरून दिले जाणारे चुंबकीय उद्दीपन. ते तंत्र १९८५ साली वर उल्लेखिलेल्या बार्कर यांनीच विकसित केले. त्यात सेकंदाला एक स्पंद दिल्यास मेंदूच्या त्या भागाची उत्तेजकता साधारणपणे घटते व १० स्पंद दिल्यास वाढते. नैराश्यावरील अशा उपचाराला अमेरिकेत २००८ साली मान्यता मिळाली. परंतु त्याची तीव्रता दीड ते दोन टेस्ला असते, वेटोळे डोक्यावरील नेमक्या जागी धरले जाते आणि तो प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली दिला जातो. घरगुती गादीची तीव्रता त्याच्या हजारो पटींनी कमी असल्यामुळे तेथील १ व १० हर्ट्झचे निष्कर्ष गादीला लागू होत नाहीत.

प्रचलित तक्ते व त्यांचा उगम

घरगुती उपकरणांच्या तक्त्यांत ७.८३ हर्ट्झ हा आकडा पृथ्वीची नैसर्गिक वारंवारता म्हणून हमखास आढळतो. त्यामागे शूमान अनुनाद ही खरी भौतिक घटना आहे. पृथ्वीचा पृष्ठभाग व आयनांबर यांच्यामधील पोकळीत विजांच्या कडकडाटामुळे विद्युतचुंबकीय लहरी घुमत राहतात, हे भाकीत विन्फ्रीड ओटो शूमान यांनी १९५२ साली केले. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आणि प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३,००,००० किलोमीटर आहे. या दोहोंच्या भागाकारातून येणारा ७.५ हा आकडा प्रत्यक्ष मूल्याच्या जवळचा आहे. अर्थात ही वारंवारता पृथ्वीच्या आकारमानातून येते, मानवी शरीराच्या रचनेतून नव्हे.

या लहरींचे चुंबकीय क्षेत्र सुमारे एक पिकोटेस्ला, म्हणजे टेस्लाच्या लक्ष कोटीव्या भागाएवढे असते. महाराष्ट्रातील पृथ्वीचे स्थिर चुंबकीय क्षेत्र ४० मायक्रोटेस्लाहून अधिक, म्हणजे त्याच्या ४ कोटी पटींहून मोठे आहे. हे स्थिर क्षेत्र मोजण्याची परंपरा राज्यात जुनी आहे. मुंबईतील कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून भूचुंबकीय नोंदी घेतल्या जात होत्या. शहरात विजेच्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या विद्युतधारेमुळे नोंदी बिघडतील म्हणून हे काम अलिबागला हलवण्यात आले. तेथे १९०४ पासून नोंदी सुरू झाल्या व मुंबईत विजेची ट्राम १९०७ साली धावली. ही वेधशाळा आज भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या अखत्यारीत आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी एका शहराच्या ट्रामने संवेदनशील उपकरणांच्या नोंदी बिघडण्याची भीती होती. आज प्रत्येक घरात ५० हर्ट्झच्या विजेच्या तारा आहेत. ७.८३ हर्ट्झवर लावलेल्या गादीचे क्षेत्र १० मायक्रोटेस्ला जरी धरले, तरी ते शूमान अनुनादाच्या एक कोटी पट भरते. त्याला निसर्गाची प्रतिकृती म्हणणे योग्य ठरत नाही.

तक्त्यांचा दुसरा उगम मेंदूच्या विद्युतलेखात आहे. गाढ झोपेत मेंदूच्या लहरी सेकंदाला चारहून कमी असतात व डोळे मिटून शांत बसल्यावर त्या ८ ते १३ होतात. त्यावरून झोपेसाठी २ किंवा ३ हर्ट्झ आणि मनःशांतीसाठी १० हर्ट्झ, असे अनुमान काढले जाते. झोप लागल्यामुळे लहरी मंदावतात. बाहेरून तेवढ्याच वारंवारतेचे क्षीण क्षेत्र दिल्याने झोप लागते, हे त्यावरून सिद्ध होत नाही. यकृत, मूत्रपिंड, स्वादुपिंड अशा प्रत्येक अवयवाला वेगळी वारंवारता नेमून देणाऱ्या याद्यांनाही नियंत्रित चाचण्यांचा आधार नाही.

घरी वापरताना निवडीचा क्रम

वारंवारतेचा विचार निदानानंतर येतो. छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय १९५६ साली स्थापन झाले असून ते घाटी या नावाने ओळखले जाते. मराठवाड्याच्या अनेक जिल्ह्यांतून तेथे रुग्ण येतात. जालना, बीड किंवा परभणीहून भौतिकोपचारासाठी वारंवार येणे म्हणजे प्रवासखर्च व बुडालेली मजुरी. अशा कुटुंबाला घरी वापरायचे यंत्र सोयीचे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र गावी यंत्र लावून बसल्यामुळे पुढील तपासणी टळली, तर नुकसान यंत्राच्या किमतीपुरते मर्यादित राहत नाही.

अस्थिभंगाला नऊ महिने होऊन गेले व शेवटच्या तीन महिन्यांत क्ष-किरण चित्रात प्रगती दिसली नाही, तर हाड जुळत नसल्याचे साधारणपणे मानले जाते. त्यामागे जंतुसंसर्ग, हाडांतील मोठी फट, ढिली झालेली पट्टी, मधुमेह किंवा तंबाखू यांपैकी एखादे कारण असू शकते. त्यांपैकी कोणतेही कारण वारंवारता बदलल्याने दूर होत नाही. फट मोठी असल्यास किंवा तुटलेल्या टोकांमध्ये खोटा सांधा तयार झाला असल्यास या उपचाराचा उपयोग नसतो आणि शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

अस्थितज्ज्ञाने हाड जोडणारे उपकरण लिहून दिले असल्यास त्याचा संकेत बहुधा कारखान्यातच निश्चित केलेला असतो आणि रुग्णाने वारंवारता निवडण्याचा प्रश्न येत नाही. रुग्णाच्या हाती राहतो तो नियमितपणा. अशा उपकरणांचा वापर प्रकारानुसार रोज ३ तासांपासून १० तासांपर्यंत व काही महिने सांगितला जातो. वेटोळे अस्थिभंगाच्या जागेवर नेमके बसवणेही तितकेच आवश्यक असते.

वारंवारता बदलता येणाऱ्या उपकरणाच्या बाबतीत विचाराचा क्रम उलटा ठेवणे हितकारक ठरते. ज्या तक्रारीसाठी उपकरण घ्यायचे, त्या तक्रारीवर त्याच उपकरणाची किंवा त्याच्यासारख्याच संकेताची नियंत्रित चाचणी झाली आहे का, हे आधी पाहिले जाते. झाली असल्यास चाचणीतील वारंवारता, तीव्रता, तरंगाकार व वेळ हे सर्व एकत्र स्वीकारायचे असते. त्यांतील केवळ एक आकडा उचलून चालत नाही. उपकरणाच्या पत्रकात तीव्रता व तरंगाकार दिलेलेच नसतील, तर चाचणीशी तुलना करणे अशक्य असते.

वापर सुरू झाल्यावर एकच मांडणी चार ते सहा आठवडे कायम ठेवणे आणि वेदनेला रोज ठरावीक वेळी शून्य ते दहा गुण देऊन वहीत नोंद करणे, ही साधी पद्धत उपयोगी पडते. गुडघेदुखी मुळातच कमी-जास्त होत असते. दुखणे वाढले की वारंवारता बदलायची व नंतर आपोआप उतार पडला की श्रेय नव्या आकड्याला द्यायचे, असा भ्रम वारंवार बदल केल्याने सहज निर्माण होतो. या काळात मांडीच्या स्नायूंचे व्यायाम व वजन नियंत्रण थांबवले जात नाही. गुडघ्याच्या झिजेत त्यांचा लाभ अधिक भक्कम पुराव्यावर उभा आहे.

सुरक्षितता

कमी तीव्रतेच्या उपकरणांचे गंभीर दुष्परिणाम चाचण्यांत क्वचितच आढळले आहेत. तथापि काही व्यक्तींसाठी धोका वास्तव आहे. हृदयात पेसमेकर किंवा विद्युतधक्का देणारे यंत्र बसवलेले असल्यास सुमारे एक मिलिटेस्लाच्या क्षेत्रानेही त्याची कार्यपद्धती बदलू शकते. बाहेरचे स्पंद हृदयाचे ठोके समजले जाऊन पेसमेकर आवश्यक ठोका देण्याचे थांबवू शकतो. श्रवणासाठी कानात रोपण केलेले यंत्र, इन्सुलिनचा पंप व मज्जातंतूंना उद्दीपन देणारी यंत्रे यांनाही बाधा येऊ शकते. अशी व्यक्ती घरात असल्यास इतरांसाठी आणलेली गादीही तिच्या अंथरुणापासून दूर ठेवावी लागते. गर्भावस्था, अपस्मार, कर्करोग व वाढीच्या वयातील हाडे यांबाबत डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय वापर टाळला जातो.

अधिक वारंवारता म्हणजे अधिक गुण, हा समज चुकीचा आहे. क्षेत्र तेवढेच ठेवून वारंवारता वाढवली, तर साध्या लाटेत बदलाचा वेग वाढतो व त्या प्रमाणात प्रवर्तित विद्युतक्षेत्रही वाढते. किरणोत्सर्गापासून संरक्षणासाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २०१० साली ५० हर्ट्झच्या क्षेत्रासाठी सर्वसामान्य जनतेला २०० मायक्रोटेस्ला ही संदर्भपातळी सुचवली. वैद्यकीय उपचार या पातळीच्या कक्षेत येत नाहीत. तरीही घरगुती उपकरणाचे क्षेत्र किती आहे, याचा अंदाज घेण्यास ती उपयोगी आहे.

कायदेशीर स्थिती

भारतात वैद्यकीय उपकरण नियम २०१७ लागू आहेत आणि १ एप्रिल २०२० पासून उपचारासाठी विकली जाणारी सर्व उपकरणे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली आहेत. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ अन्वये कर्करोग, मधुमेह, पक्षाघात यांसारख्या आजारांवर उपचाराचा दावा करणाऱ्या जाहिरातींना मनाई आहे. महाराष्ट्रात औषधविषयक कायद्यांची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासनाकडे असून फसव्या विक्रीबाबत ग्राहकांना १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. एकाच यंत्रावर आकडा बदलून मधुमेहापासून पक्षाघातापर्यंत सर्व आजार बरे होतील, असे सांगणारा तक्ता विज्ञानाशी विसंगत आहे, आणि जाहिरातीत वापरल्यास तो कायद्याच्या दृष्टीनेही आक्षेपार्ह ठरू शकतो.